एकोणीस सेकंद

"अख्खं दाखव मला," कुंदामावशी म्हणाली.

गावात बंद होता, म्हणून मी स्टुडिओचं शटर अर्धं खाली ओढून आत बसलो होतो. ती वाकून आत आली, पदरानं तोंड पुसलं आणि फोटो काढायच्या स्टुलावर बसली. बुधवारची सकाळ होती, साडेदहा वाजले असतील. बाहेर रस्त्यावरून पोरं मोटारसायकलींवरून घोषणा देत चालली होती. त्या घोषणांमध्ये तिचं नाव होतं.

"काय अख्खं?" मी विचारलं. मला कळलं होतं, तरी विचारलं.

"सोमवारचं शूटिंग. तू किती वेळ घेत होतास ते मी पाहिलंय, हेमंत. मोबाईलमध्ये लोक बघतात ते इवलंसं आहे. बाकीचं कुठंय?"

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. वरणखेड्यात बसस्टँडसमोर माझा फोटो स्टुडिओ होता, अजूनही आहे. लग्नाचे अल्बम आणि शाळेचे फोटो यांवर तो चालायचा. त्याच्या जोडीला मी मोबाईलवर 'वरणखेडे लाइव्ह' नावाचं एक पान चालवायचो. सप्ताह, सत्कार, अपघात, हरवलेली म्हैस, असलं सगळं त्यावर टाकायचो. दोन-अडीच हजार माणसं ते बघायची. त्यातली निम्मी मला रस्त्यात ओळखायची आणि मला तेवढ्याचंच फार कौतुक होतं.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे नळाला सोळा दिवसांनी पाणी येत होतं. धरणात पाणी होतं, पण ते पाटानं दुसरीकडेच चाललंय, असं सगळे म्हणत होते. म्हणून सोमवारी पाटबंधारे कचेरीवर हंडा मोर्चा गेला. पुढं होती कुंदामावशी. ती अंगणवाडीत मदतनीस होती. गावातल्या माझ्या वयाच्या अर्ध्या पोरांना तिनं हातानं खिचडी भरवलेली. आम्ही तिला मावशी म्हणायचो, बाकीचं गाव कुंदाताई म्हणायचं.

कचेरीचे उपअभियंता सालोडकर म्हणून होते. लांबचे, वऱ्हाडातले, दीड वर्षापूर्वी बदलून आलेले. ते पायऱ्यांवर उभे राहून मोर्चाशी बोलत होते. नथूबाबा तायडे, सत्तरीचे, सगळ्यांत वरच्या पायरीपर्यंत पोचले होते. तिथून ते खाली पडले आणि डोकं दगडी पायरीवर आपटलं. मावशी खालून ओरडली, "ढकललं. म्हाताऱ्याला ढकललं साहेबानं."

माझ्या मोबाईलमध्ये दोन मिनिटं चाळीस सेकंद होती. मी पानावर टाकली एकोणीस.

त्यात सालोडकरांचा हात बाबांच्या छातीशी दिसतो, बाबा मागं जातात, आणि मग मावशीचा चेहरा. डोक्यावर रिकामा हंडा, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, आणि तो आवाज. मी ते टाकलं आणि जेवायला बसलो. जेवण होईपर्यंत अकरा हजार. संध्याकाळी दोन लाख. असं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मोबाईल हातात घेऊन मी ओट्यावर बसलो आणि नुसता आकड्याकडे बघत राहिलो. बोट लावलं की आकडा बदललेला असायचा. ज्या गावांची नावं मी एसटीच्या पाटीवरही वाचली नव्हती, तिथली माणसं लिहीत होती की या बाईला आमचा नमस्कार. मला भीती वाटली आणि खूप आनंदही झाला. त्या रात्री पुरता झोपलो नाही.

मंगळवारी सकाळी नथूबाबा दवाखान्यात वारले. मंगळवारी दुपारी प्रवीणदादा इंगळ्यांनी चौकात मंडप टाकला. दादा नगरपरिषदेला उभे राहायच्या तयारीत होते. त्यांनी मावशीला शाल घातली आणि तिचा हंड्यावालाच फोटो दहा फुटी फ्लेक्सवर लावला. तो फोटो माझ्याच शूटिंगमधला होता. लोक तिच्या पाया पडत होते. शेजारच्या तालुक्यातून बायका जीप करून तिला बघायला आल्या होत्या. ती मात्र खुर्चीत अवघडून बसली होती आणि शाल सारखी खांद्यावरून खाली सरकत होती. तिला बोलायला सांगितलं तेव्हा ती फक्त "बाबा चांगला माणूस होता," एवढंच म्हणाली आणि खाली बसली. टाळ्या मात्र थांबेनात.

आणि बुधवारी ती माझ्यासमोर स्टुलावर बसली होती.

"मावशी, आता कशाला बघायचंय ते?" मी म्हणालो.

"बाबाला रिक्षातून मीच नेलं. दवाखान्यात कपडे काढले तेव्हा सदरा माझ्या हातात दिला त्यांनी. वरचा खिसा फाटला होता. पुढच्या बाजूला फाटून लोंबत होता." तिनं स्वतःच्या छातीशी हात नेऊन दाखवलं. "ढकललं तर खिसा असा फाटतो का? ओढलं तर फाटतो. दोन दिवस माझ्या डोक्यात तेच आहे."

मी कॉम्प्युटर सुरू केला. नाही म्हणायला माझ्याकडे काही कारण नव्हतं.

तिनं पहिल्यापासून पाहिलं. बाबा पायरीवर उन्हात उभे आहेत आणि डुलताहेत. सालोडकर बोलता बोलता थांबतात, मागं वळून शिपायाला खुर्ची आणायला सांगतात. बाबांना म्हणतात, "बाबा, सावलीत या." बाबांचे डोळे फिरतात. ते मागं झुकतात आणि सालोडकर दोन्ही हात पुढं टाकून त्यांच्या सदऱ्याला धरतात. खिसा टरकन फाटतो. पुढचं गावाला माहीत होतं.

"परत लाव," ती म्हणाली.

मी परत लावलं.

"तुला हे ठाऊक होतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

"मी फक्त छोटं केलं, मावशी. मोठं कुणी बघत नाही. टाकलं तेव्हा बाबा जिवंत होते. वाटलं, डोक्याला मार लागलाय, टाके पडतील. आणि तू ओरडलीस ते मला..."

"माझ्या डोक्यावर हंडा होता. मी खाली उभी. मला हात दिसला आणि बाबा पडताना दिसला. मला तसंच वाटलं."

"मग तुझी काय चूक?"

तिनं कॉम्प्युटरकडे बोट केलं. "हे आत्ता टाकशील?"

बाहेर घोषणा जवळ येत होत्या. हे टाकलं तर हा सगळा लोंढा आधी माझ्या शटरवर येईल, हे मला दिसत होतं. घरात आई होती. माझे हात गुडघ्यांवर होते आणि ते मला उचलता येत नव्हते.

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. ओळखीच्या पोरानं आवाजी निरोप टाकला होता: सगळ्यांनी क्वार्टरवर या, साहेब घरातच आहे. मावशीनं तो ऐकला. उठली, वाकली, शटरखालून बाहेर गेली.

पाटबंधारे खात्याची क्वार्टर गावाबाहेर, पाटावरच्या मोरीच्या पुलापलीकडे आहे. मी पोचलो तेव्हा सात-आठशे माणूस जमलं होतं. बहुतेक ओळखीचेच चेहरे होते. माझ्याकडून लग्नाचा अल्बम नेलेले लोक, आणि हातात विटांचे तुकडे. फाटकाशी सहा पोलीस काठ्या आडव्या धरून उभे होते. खिडक्यांच्या काचा आधीच फुटल्या होत्या. आत सालोडकर, त्यांची बायको आणि दहावीतली मुलगी होती. मुलीच्या रडण्याचा आवाज मधूनच बाहेर ऐकू येत होता. जिल्ह्याच्या गावाहून जादा पोलीस निघालेत, वीस मिनिटांत पोचतील, असं हवालदार सारखा ओरडून सांगत होता. ऐकत कोणी नव्हतं.

गर्दीत एकदम वाट झाली. "कुंदाताई आल्या, ताईंना जाऊ द्या." लोक मागं सरत होते, तिच्या पायांना हात लावत होते. ती फाटकापर्यंत गेली आणि लगतच्या मोरीच्या कठड्यावर चढली. हात द्यायला दोघं पुढं झाले, तिनं घेतला नाही. घोषणा इतक्या मोठ्या झाल्या की पाटाकडेच्या बाभळीवरचे बगळे उडाले.

तिनं हात वर केला. तिच्या एका हातानं आठशे माणसं गप्प झालेली मी पाहिली. मंत्र्यांच्या सभेतही अशी शांतता मी ऐकली नव्हती.

"मोबाईल काढा," ती म्हणाली.

कुणाला कळेना.

"ज्याच्या ज्याच्याकडे आहे त्यानं काढा. शूटिंग घ्या. मी एकदाच सांगणार आहे, नंतर कुणी म्हणायला नको की ऐकलं नाही."

खिशांतून मोबाईल निघाले. हात वर गेले. मीही काढला.

"झालं का सगळ्यांचं सुरू? मागचे? त्या लाल शर्टवाल्याचं झालं नाही अजून. थांबते मी."

ती खरंच थांबली. मग बोलायला लागली, अंगणवाडीत पोरांना अंक शिकवायची तशी, एकेक शब्द सुटा करून.

"माझं नाव कुंदा भिका सपकाळे. वय एक्कावन्न. राहणार वरणखेडे, खालची आळी, मारुतीच्या मागं. अंगणवाडी नंबर चारची मदतनीस. सोमवारी मी पहाटे चारला उठले. घरात दीड हंडा पाणी होतं. अर्धा सासूच्या अंघोळीला ठेवला..."

ती सगळं सांगत गेली. कोण कोण मोर्चाला आलं, कुणाच्या घरी जमलो, नथूबाबानं रस्त्यात काय गंमत केली. बाबाच्या त्या गमतीवर दोन-चार माणसं हसलीसुद्धा. प्रवीणदादा कठड्याखाली उभे होते, ते हळूच म्हणाले, "ताई, मुद्द्याचं बोला." तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. कचेरीच्या पायऱ्या किती ते तिनं मोजून सांगितलं. नऊ. बाबा नवव्या पायरीवर होता. ऊन होतं. साहेबानं खुर्ची मागवली. बाबाला चक्कर आली. साहेबानं धरायला हात घातला, खिसा टरकन फाटला.

गर्दीत कुजबूज सुरू झाली.

"आणि मी खालून ओरडले की ढकललं," ती म्हणाली. "मी खोटं बोलले."

मग मागून आवाज आला, "विकली गेली." मग दुसरा, मग पन्नास. प्रवीणदादा दोन्ही हात हलवत सांगू लागले की ताईंवर दबाव आहे, ताई घाबरल्या आहेत. एक विटेचा तुकडा आला आणि तिच्या कपाळावर, डाव्या भुवईच्या वर लागला. ती अर्धी वळली. वाटलं, पाटातच पडणार. पण तिनं गुडघ्यावर हात टेकून तोल धरला आणि परत ताठ उभी राहिली. रक्त डोळ्यात जात होतं, ते तिनं पदरानं टिपलं.

"हे आलं का शूटिंगमध्ये?" तिनं विचारलं. "बरं. आता पुढचं ऐका."



तेवढ्यात गर्दीतून नथूबाबाचा मुलगा पुढं आला. सुपडू त्याचं नाव. बापाच्या अंत्यविधीसाठी केलेलं मुंडण ताजं होतं. त्याच्या हातात दांडकं होतं. तो कठड्याशी येऊन थांबला आणि तिच्याकडे वर बघत म्हणाला, "ताई, माझा बाप कसा मेला?"

ती कठड्यावर खाली बसली, त्याच्या उंचीला येईल अशी.

"तहानेनं मेला, सुपडू. सकाळपासून पाणी घेतलं नव्हतं त्यानं. म्हणाला, मोर्चा झाल्यावर साहेबाच्याच माठातलं पिईन. उन्हात चक्कर आली आणि पडला. या माणसानं त्याला धरलं होतं. सदरा माझ्या घरी आहे, ये आणि बघ. या घरातल्या पोरीला मारून तुझ्या बापाचं काही होणार नाही. पाण्यासाठी भांडायचं असेल तर उद्या मी परत हंडा घेऊन येते, तुझ्यापुढं चालते."

सुपडू तसाच उभा राहिला. मग त्यानं दांडकं तिच्या शेजारी कठड्यावर ठेवलं आणि फाटकाला पाठ लावून, गर्दीकडे तोंड करून उभा राहिला. मेलेल्याचा मुलगाच तिथं उभा म्हटल्यावर पुढच्या रांगेतले लोक एकमेकांकडे बघायला लागले.

पोलिसांच्या गाड्या आल्या तेव्हा मावशी कठड्यावरच बसून होती. गर्दी पांगत होती. जाताना लोक तिच्याकडे बघत नव्हते. काही थुंकून गेले. एका तासापूर्वी याच माणसांनी तिच्या पायांना हात लावला होता. प्रवीणदादा गाडीत बसून केव्हा गेले ते मला कळलंही नाही.

त्याच संध्याकाळी मी अख्खं शूटिंग पानावर टाकलं. खाली लिहिलं की आधीचं मीच कापलं होतं, चूक माझी आहे. मग आईला मामाकडे पाठवलं आणि शटरच्या आत बसून लोक यायची वाट बघितली. कोणी आलं नाही. दोन दिवसांत तीनशे बारा जणांनी ते पाहिलं. त्यातला एक चौकशी अधिकारी होता, एवढंच बरं झालं.

मावशीचं 'मी खोटं बोलले' मात्र एकतीस लाखांवर गेलं. आठशे मोबाईलांपैकी कुठल्यातरी एकानं तेवढे तीनच शब्द काढून घेतले होते. त्याला ढोलकी लावली, तिच्या चेहऱ्याला नाकात नथ आणि लांब शेपूट काढली. कुठल्याही गावात कुणी शब्द फिरवला की लोक तिचं तोंड पाठवायचे. चौकातला फ्लेक्स कुणीतरी ब्लेडनं फाडला. तिच्या दारावर काळं फासलं. महिनाभरात तिचं अंगणवाडीतलं काम गेलं. लोक पोरं पाठवत नाहीत, असं तिला सांगण्यात आलं. प्रवीणदादा निवडून आले. पाणी आठ दिवसांवर आलं, त्याचं श्रेय त्यांनी घेतलं.

सालोडकरांची चौकशी होऊन ते सुटले आणि बदली घेऊन गेले. जायच्या आदल्या दिवशी ते बायको आणि मुलीला घेऊन खालच्या आळीत मावशीकडे गेले होते. मी मोठ्या शूटिंगची कॉपी द्यायला त्यांना शोधत तिथं पोचलो होतो. साहेब दारातच हात जोडून उभे होते. मावशीनं चहा ठेवला. मुलीला म्हणाली, "काच लागली होती का ग कुठं?" मुलीनं मान हलवली. मावशीच्या भुवईवर तेव्हा टाके होते.

मी पान बंद केलं. पण तिचं ते कठड्यावरचं शूटिंग, माझ्या मोबाईलमधलं, मी पुढं कितीतरी वेळा पाहिलं. बावीस मिनिटांचं आहे. एके दिवशी बघता बघता माझं लक्ष तिच्यावरून सरकून गर्दीवर गेलं. सगळ्यांचे हात वर आहेत. एकानं मोबाईल दोन्ही हातांनी धरलाय आणि त्याच्या पायाशी वीट पडलीय. त्याच्या शेजाऱ्यानं हातातला दगड खिशात घातलाय. मग मला कळलं की ती इतकं हळू का बोलत होती, तिनं पायऱ्या का मोजल्या, लाल शर्टवाल्यासाठी का थांबली. जादा पोलीस यायला वीस मिनिटं लागणार होती. तिनं आठशे माणसांचे हात वीस मिनिटं गुंतवून ठेवले होते. सातवी शिकलेली बाई. मी ते शूटिंग थांबवलं आणि दुकानात एकटाच उभा राहिलो, देवळात उभा राहावं तसा.

चार वर्षांनी ती स्टुडिओत आली. निराधार पेन्शनच्या अर्जाला फोटो हवा होता. केस पांढरे झाले होते, भुवईत बारीकशी रेघ राहिली होती. त्याच स्टुलावर बसली. मी दिवा लावला, पडदा नीट केला आणि इतकी वर्षं तोंडात असलेलं शेवटी विचारलं.

"मावशी, त्या दिवशी तू 'चुकले' म्हणू शकली असतीस. खरंच तर चुकलीच होतीस. तुला खालून तसंच दिसलं होतं. खोटं बोलले का म्हणालीस? त्या एका शब्दानं तुझं सगळं गेलं."

ती केस मागं सारत होती. सहज म्हणाली, "चुकले म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग आज कसं कळलं? कुणी दाखवलं? दाखवणाऱ्यानं आधी का नाही दाखवलं? मला तुझं नाव घ्यावं लागलं असतं. हातात विटा होत्या त्यांच्या, आणि तू तिसऱ्या रांगेत उभा होतास." पदर खांद्यावर घेत ती पुढं म्हणाली, "खोटं काय, ज्याचं त्यानं बोलायचं असतं. त्यात दुसरं कुणी लागत नाही."

मी कॅमेऱ्यामागं गेलो. डोळ्यापुढं सगळं पाणी झालं होतं, तिचा चेहरा काही केल्या स्पष्ट होईना.

"हलले का मी?" तिनं विचारलं.

"नाही, मावशी," मी म्हणालो. "तू नाही हललीस."